एकाच मच्छरदाणीतली दोन पोरं

हिरवी चिडली की तिचं मशीन आधी सांगतं. एरवी ते एका लयीत चालतं. ती चिडली की तुटक तुटक चालतं, मध्येच थांबतं, मग एकदम सुसाट सुटतं. शेजारच्या मशीनवरच्या बाया तेव्हा मान वर करत नाहीत. आज नको हं, एवढंच एकमेकींना डोळ्यांनी सांगतात.

मी तिला ओळखते तेव्हापासून ते मशीन बहुतेक तुटकच चाललेलं आहे.

हिरवी हे तिचं खरं नाव नव्हे. मच्छरदाण्या शिवायच्या त्या कारखान्यात प्रत्येक बाईला दोऱ्याचा एक रंग दिलेला असतो. मच्छरदाणी शिवून झाली की कोपऱ्यात आपल्या रंगाचा एक टाका घालायचा. कुठे शिवण उसवली, काठ वाकडा गेला, तर मुकादम कोपरा बघतो आणि रंगाने हाक मारतो. "ए पिवळी, हे शिवलंस की चघळलंस?" अशा हाका ऐकून ऐकून बायांची खरी नावं घरीच राहिली. हिरवी मुकादमाची नक्कल फार छान करते. चहाच्या सुट्टीत कप उलटा करून त्याचा कोपरा शोधते आणि विचारते, "कोणाच्या हातचा आहे हा चहा? बोलवा तिला!"

पत्र्याची लांबलचक शेड. पांढऱ्या जाळीच्या गुंडाळ्या भिंतीशी रचलेल्या. दिवसभर कापडाची बारीक भुकटी उडते, ती बायांच्या केसांत आणि पापण्यांत बसते. संध्याकाळी सगळ्या म्हाताऱ्या दिसतात. मग नळाखाली तोंड धुतात आणि पुन्हा आपापल्या वयाच्या होतात.

शिवणीत दोष निघाला की मच्छरदाणी नापास होते. नापास झालेल्या बाया घरी नेतात. पास झालेल्या दुसऱ्यांच्या पोरांसाठी गाडीत भरून जातात. आयुष्यभर मच्छरदाण्या शिवणाऱ्या बायांच्या घरी एकही पास झालेली मच्छरदाणी नसते. हे मला हिरवीने सांगितलं तेव्हा ती हसत होती. मला हसू आलं नाही.

अशीच एक नापास मच्छरदाणी तिने घरी आणली होती. बाजूची शिवण सुटलेली होती. ती तिने हाताने नीट घातली, हिरव्याच दोऱ्याने.

तिचं घर म्हणजे एका अंगणाभोवती दोन खोल्या. एकीत हिरवी आणि तिचा नवरा, दुसरीत थोरले दीर आणि जाऊ. सासू ऋतू आणि मूड बघून इकडे किंवा तिकडे. मागे बर्फाच्या कारखान्याची भिंत आहे. दोघे भाऊ तिथेच कामाला. त्या भिंतीतून एक पाइप बाहेर येतो आणि त्यातून कारखान्याचं जादा पाणी खालच्या खड्ड्यात पडतं. पाणी गटारासारखं घाण नाही. स्वच्छ, गार, तळ दिसावा असं. पोरं त्यात कागदाच्या होड्या सोडायची.

हिरवीचा मुलगा आणि जावेचा मुलगा काही महिन्यांच्या अंतराने जन्मलेले. एकत्र जेवत, एकत्र भांडत, रात्री एकाच मच्छरदाणीत झोपत. सासू त्यांना जोडगोळी म्हणायची. एकाला हाक मारली की दोघे यायचे, एकाला मार बसला की दोघे रडायचे.

दोघांना ताप एकदमच आला. दोघांना एकाच गाडीतून दवाखान्यात नेलं. दोघांच्या रक्तात मलेरिया निघाला. एकाच खोलीत शेजारशेजारच्या खाटा, एकच डॉक्टर, तेच औषध. पुतण्याचा ताप चढला, उतरला, पुन्हा चढला आणि मग गेला. त्याने बिस्किट मागितलं. हिरवीच्या मुलाला झटके आले. मग त्याने डोळे उघडलेच नाहीत. नर्सने दोन खाटांच्या मध्ये पडदा ओढला. पडद्यापलीकडून पुतण्या विचारत होता, "तो उठला का? तो उठला का?"

तो चार वर्षांचा होता.

मग घरी आल्यावर जावेने मच्छरदाणी झटकली आणि बाजूच्या शिवणीत बोटभर भोक सापडलं. हाताने घातलेले टाके सुटले होते. भोक ज्या बाजूला होतं त्या बाजूला हिरवीचा मुलगा झोपायचा. सासूने मच्छरदाणी हातात घेतली. कोपऱ्यातला हिरवा टाका बघितला.

"स्वतःच्या हातची," ती म्हणाली.

एवढंच. मुकादम जे रोज करायचा तेच घराने केलं. कोपरा बघितला आणि खापर फोडलं.

हिरवीला एक मुलगीही होती. तेव्हा ती जेमतेम चालायला लागली होती. सासूने तिला उचललं आणि जावेच्या खोलीत नेऊन झोपवलं. "तुझ्याजवळ नको," ती हिरवीला म्हणाली. "निदान ही तरी राहू दे." हिरवी तेव्हा गप्प बसली, कारण तिलाही तसंच वाटत होतं.

ती मुलगी आता शाळेत जाते. सकाळी हिरवी तिला अंघोळ घालते, वेणी घालते, डबा भरते. संध्याकाळी अभ्यासाला बसवते. पण दिवे लागले की मुलगी आपली उशी काखेत मारते आणि काकूच्या खोलीत जाते. कुणी सांगावंही लागत नाही. हिरवीला एकच गोष्ट हवी होती, आपली लेक रात्री आपल्या शेजारी झोपावी. ती हे मागायची, सासू नकाराची मान हलवायची. नवरा भिंतीकडे बघायचा. "दिवसभर बर्फ उचलतो आणि घरी येऊन स्वतःच बर्फ होतो," असं ती त्याच्यासमोरच म्हणायची. तो तरीही भिंतीकडेच बघायचा.

इथे माझा संबंध येतो. मी साहित्य शिकले आणि नोकरी शोधत होते. मलेरियावर संशोधन करणाऱ्या एका गटाला असं कुणीतरी हवं होतं, जे त्यांची माहिती लोकांना लोकांच्या भाषेत वाचून दाखवेल. एकाच रोगात काही मुलं नुसती तापतात आणि काही मरतात, ते का, हा त्यांचा प्रश्न होता. शरीराच्या बचावाची जी जनुकं आपल्याला आई-बापांकडून मिळतात, त्यांतल्या फरकाने असं होतं का, हे ते शोधत होते. मी कागद घेऊन घरोघर जायचे. माझ्याबरोबर रक्त घेणारा एक तरुण असायचा. वस्तीने आल्या दिवशीच त्याचं नाव रक्तवाला ठेवलं आणि माझं पुस्तकवाली.

हिरवीच्या अंगणात मी वाचायला लागले. दवाखान्यात दाखल झालेल्या मुलांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवलेले आहेत, असं एक वाक्य होतं. तिने मला थांबवलं.

"कुठल्या मुलांच्या?"

"ज्यांना तेव्हा जोराचा मलेरिया झाला होता, ताई."

"माझ्याही?"

मी रक्तवाल्याकडे पाहिलं. त्याने हळूच होकाराची मान हलवली.

"म्हणजे माझ्या पोराचं रक्त अजून आहे?" तिचा आवाज चढला. "कुठे ठेवलंय? कोणाला विचारून ठेवलंय?"

"तेव्हा तुमचा अंगठा घेतला होता," रक्तवाला म्हणाला.

"पोर झटके देत होतं रे! तेव्हा तू माझा गळा मागितला असतास तरी मी पुढे केला असता. आणि म्हणे अंगठा घेतला!"

मी कागद खाली ठेवला. तिच्याकडे त्या मुलाची एक चप्पल उरली होती आणि एक फोटो. आणि इतकी वर्षं शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका गार पेटीत, त्याचं रक्त होतं. कुणाला वाटलंही नव्हतं की हे आईला सांगायला हवं.

मुलांच्या रक्ताशी ताडून बघायला आता आईबापांचं रक्त हवं होतं; तिने आपलं दिलं. "मला एक सांगा म्हणावं," ती म्हणाली. "तुमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना म्हणावं, हिला उत्तर पाहिजे."

आमच्या गटाच्या प्रमुख डॉक्टरीणबाई आल्या. वस्तीतल्या दवाखान्याच्या बाकावर बसल्या. समोर हिरवी, सासू आणि जाऊ. बाई वाईट नव्हत्या. दमलेल्या, सभ्य, चष्म्याची दांडी चिकटपट्टीने जोडलेली. पण आल्या आल्या त्या खुशीत म्हणाल्या, "एकाच घरातली, एकाच वयाची दोन मुलं! एकाला जोराचा, एकाला साधा. किती सुंदर जोडी मिळाली आहे ही आम्हाला!"

सुंदर. जावेने डोळे मिटून घेतले. हिरवीचा हात बाकाच्या कडेवर घट्ट झाला. डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. मला तेव्हा त्यांच्या हातातला पेन काढून घ्यावासा वाटला.

मग त्यांनी समजावलं, आणि ते मात्र त्यांनी नीट केलं. शरीरात पहारेकरी असतात, त्या म्हणाल्या. जंतू रक्तात शिरला की ते ओरडून एकमेकांना जागं करतात. काही मुलांचे पहारेकरी या जंतूला चटकन ओळखतात. काहींचे उशिरा. आणि काहींचे इतका आरडाओरडा करतात की त्या गोंधळातच घराची मोडतोड होते, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात आणि तुंबतात. कोणाचे पहारेकरी कसे वागणार, हे काही अंशी जनुकांवर ठरतं.

"मग माझ्या पोराचे ओरडे होते?"

"एका मुलाबद्दल मी असं सांगू शकत नाही. हजारो मुलं तपासली की कल दिसतो. एकट्याचं नेमकं कारण नाही सांगता येत."

"हजारो पोरं माझी नव्हती."

बाई म्हणाल्या, "असं बघा, हे पहारेकरी वाईट नसतात. असेच मोठ्याने ओरडणारे पहारेकरी दुसऱ्या एखाद्या रोगात त्याच मुलाला वाचवू शकले असते."

"म्हणजे त्याला दुसरं काहीतरी व्हायला हवं होतं," हिरवी म्हणाली. "चुकलंच त्याचं."



"आता माझं विचारते," ती पुढे झाली. "मच्छरदाणीला भोक होतं. माझ्या हातचं. पोर त्याच्याने मेलं का?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "भोक असलं तर डास आत येतो. पण आत आलेला डास दोघांनाही चावला. दोघांनाही मलेरिया झाला. ताप यायला एक चावासुद्धा पुरतो. त्यानंतर एक खेळायला लागला आणि दुसरा गेला, तो फरक बहुतेक शरीराच्या आत पडला, भोकाशी नाही."

हिरवीने सासूकडे पाहिलं. ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा तशी बघत होती, सरळ.

"आणि ते बर्फाच्या कारखान्याचं पाणी?" मी विचारलं. "डास होतात ते त्या खड्ड्यात."

"हो, असल्या स्वच्छ पाण्यात होतातच," बाई म्हणाल्या. "पण तो आमच्या अभ्यासाचा विषय नाही."

त्या खरं बोलत होत्या. म्हणूनच मला इतका राग आला. रक्त मोजायला माणसं होती, पेट्या होत्या, गाडी होती. खड्डा बुजवायला एक फावडं नव्हतं.

मला वाटलं होतं, आता तरी मुलगी परत येईल. त्याच संध्याकाळी हिरवीने विषय काढला. मी अंगणातच होते.

"ऐकलंत ना सासूबाई? भोकामुळे नाही."

"ऐकलं," सासू म्हणाली. "रक्तात होतं म्हणाली ती."

"हो."

"मग? रक्त कोणाचं घेतलं त्यांनी? तुझंच ना? शेजारणीचं पोर गेलं, तिथेही तिचंच घेतलं. पलीकडच्या गल्लीतही आयांचंच. बापाचं घेतलं का कोणाच्या? इतकी शिकलेली माणसं, उगाच घेतील का आईचंच?" तिने हात झटकले. "आधी वाटायचं तुझ्या हातात खोट आहे. आता कळलं, रक्तातच आहे. पोरगी तिकडेच बरी."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. कारण सासू जे बघत होती ते खरंच होतं. आम्ही फक्त आयांचंच रक्त घेतलं होतं. आणि त्याचं कारण इतकं फालतू होतं की सांगायचीही लाज वाटावी. आमचा गट सकाळी दहाला यायचा आणि पाचला जायचा. त्या वेळात बाप कामावर असत. मच्छरदाण्यांच्या शेडमधून बायांना बाहेर बोलावून घेता येई, नगावर मजुरी असल्याने ती बुडाली तर त्यांचीच बुडे. बर्फाच्या कारखान्यातून पुरुषांना बोलवायची कुणाची छाती नव्हती. "आईचं मिळालं तरी चालतं," असं आम्हाला सांगितलेलं होतं. "बापाचं मिळालं तर उत्तम." उत्तमसाठी कुणी थांबलं नव्हतं. आणि त्या न थांबण्याचा अर्थ अख्ख्या वस्तीने लावला होता. हा रोग आयांच्या रक्तातून येतो. शेजारीण नवऱ्याची तीच बोलणी खात होती. आणखी एकीला माहेरी पाठवायचं चाललं होतं.

मी हे सगळं हिरवीला सांगितलं. वेळापत्रकाचंही. ती ऐकत राहिली. मग फार हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे नवरे घरी नव्हते, म्हणून आम्ही दोषी?"

"हो."

"आणि तुम्हा शहाण्यांच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही, लोक काय समजतील?"

"नाही."

ती उठली. "उद्या तो रक्तवाला किती वाजता येतो? त्याला म्हणावं, सुया जास्त आण."

दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यात मुकादमाला सांगितलं, बाहेर जातेय. "कोणाला विचारून?" तो म्हणाला. "कोपरा बघा," ती म्हणाली आणि निघाली.

बर्फाच्या कारखान्यात मी तोवर कधी गेले नव्हते. ओली जमीन, गोणपाटं, माणसाएवढ्या लाद्या. लाद्या कापणाऱ्या करवतीचा दात शिवशिवेल असा आवाज. हिरवी त्या आवाजात शिरली, मागून मी, माझ्यामागे रक्तवाला पेटी छातीशी धरून. करवत थांबली.

तिचा नवरा लोखंडी आकड्याने लादी ओढत होता. तिला बघून तो जागीच थांबला. "काय झालं? पोरगी बरी आहे ना?"

"पोरगी बरी आहे. हात पुढे करा."

"इथे?"

"तुम्ही घरी असता तेव्हा सुई येत नाही. सुई येते तेव्हा तुम्ही नसता. म्हणून सुईच आणलीय."

"अगं, सगळे बघताहेत."

"बघू देत. माझं घेतलं तेव्हा अख्खी वस्ती बघत होती."

करवतीजवळचा एकजण ओरडला, "वहिनी, आधी आमच्या मालकाचं घ्या! रक्ताऐवजी गार पाणी निघेल!" सगळे हसले. नवऱ्याने बाही वर केली आणि डोळे घट्ट मिटले. रक्तवाल्याने दंडाला पट्टा बांधला, बोटाने टिचक्या मारल्या आणि माझ्याकडे हताश बघितलं. थंडीत शीर आत दडली होती.

"दादा, सापडतच नाहीये," तो म्हणाला.

"घरीही असंच आहे," हिरवी म्हणाली. "बोलायची वेळ आली की सापडत नाहीत."

कुणीतरी गरम चहाचा ग्लास आणून दिला. नवऱ्याने तो दोन्ही हातांत धरला, मग दंडाला लावला. त्या वेळात मी वाचून दाखवलं. कागद बाजूला ठेवला आणि तोंडानेच सांगितलं. की मुलाला निम्मं आईकडून मिळतं, निम्मं बापाकडून. की आम्ही बापांचं घेतलं नाही, कारण बाप कामावर होते, दुसरं काही कारण नाही. की ती चूक आमची आहे.

हसणं थांबलं. शेजारणीचा नवरा तिथेच होता. त्याने विचारलं, "म्हणजे आमच्या पोरीतही निम्मं माझं?"

"निम्मं तुमचं."

त्याने आकडा खाली ठेवला. बाही वर करून हिरवीच्या नवऱ्याच्या मागे उभा राहिला. त्याच्यामागे थोरले दीर उभे राहिले. हिरवी बघत होती. तिला आनंद वगैरे झाला नव्हता. तिचा जबडा तसाच आवळलेला होता.

सुई एकदाची लागली. नवरा एकदम मागच्या लादीवर टेकला. "माणसाएवढी लादी उचलता," हिरवी म्हणाली, "आणि एवढ्याशा सुईला भिता?"

तेव्हा तो बोलला. डोळे मिटलेलेच होते.

"त्या पाइपाचा कॉक मी सोडतो."

"काय?"

"मागचं पाणी. रोज काम संपलं की कॉक सोडायचं काम माझं आहे. तेव्हाही माझंच होतं. मालकाला सांगितलं होतं, नाली काढा म्हणून. तो म्हणाला, पाणी स्वच्छ आहे, काय बिघडतं." त्याने डोळे उघडले. "डास त्यातच होतात हे मला माहीत होतं. आई मच्छरदाणीचं बोलायला लागली आणि मी गप्प बसलो."

हिरवी त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, ती आता त्याला मारेल. तिथे आकडे होते, करवती होत्या. मला खरंच भीती वाटली.

"इतकी वर्षं तोंडात बर्फ धरून बसलात?" ती म्हणाली. "मी रोज रात्री ते टाके मोजत झोपले. एकेक टाका. कुठला सैल पडला, कुठे दोरा कमी ओढला. आणि तुम्ही शेजारी जागे होतात!"

"हो."

"जागे होतात!"

तो रडायला लागला. तिने त्याला गप्प केलं नाही. रांगेतल्या दोघांचं घेऊन झाल्यावर रक्तवाल्याला म्हणाली, "चला, अजून एक हात राहिलाय."

सासू अंगणात धान्य निवडत बसली होती. हिरवी तिच्यासमोर उभी राहिली. तोवर मागून दोघे भाऊ आले होते, ओल्या कपड्यांनिशी.

"तुमच्या मुलाचं घेतलं," हिरवी म्हणाली. "पोरात निम्मं त्यांचं होतं. आता त्यांच्यातलं निम्मं कोणाकडून आलंय? हात द्या सासूबाई."

सासूने दोन्ही हात पाठीमागे लपवले, शाळेत छडी चुकवणाऱ्या मुलीसारखे. "मला कशाला? मी म्हातारी!"

"रक्त म्हातारं होत नाही म्हणे. द्या."

"ताई, आजींचं लागत नाही आपल्याला," रक्तवाला घाबरून पुटपुटला.

"तुला लागत नाही. मला लागतंय."

सासूने मोठ्या मुलाकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. धाकटा म्हणाला, "आई, पाणी मी सोडतो. मच्छरदाणीचं पुन्हा काढू नकोस."

"पण भोक त्याच्याच बाजूला होतं," सासू म्हणाली. आवाज आता तितका पक्का नव्हता.

"चार वर्षांची पोरं!" हिरवी ओरडली. "रात्रभर एका बाजूला झोपतात? सकाळी एकाचे पाय दुसऱ्याच्या तोंडात असायचे. तुम्ही स्वतः हसायचात बघून! कोण कोणत्या बाजूला होतं, सांगा ना. सांगा!"

खोलीच्या दारात जाऊ उभी होती. तिचा मुलगा, आता चांगला उंच झालेला, तिच्या मागे होता. जाऊ म्हणाली, "ताप यायच्या आधीच्या रात्रींत मी उठून बघायचे. माझाच भोकाकडे असायचा. हिचा मधे सरकलेला." ती थांबली. "बोलले असते तर मला विचारलं असतं, मग तुझा कसा वाचला? त्याचं मी काय उत्तर देणार होते?"

सासूच्या ताटातलं धान्य सांडलं होतं. तिने ते गोळा करायला घेतलं. त्यातला एक दाणा ती पुन्हा पुन्हा उचलत होती आणि तो पुन्हा पुन्हा निसटत होता.

हिरवी जावेवर धावून गेली नाही. फक्त म्हणाली, "जाऊबाई, पोरीची चादर द्या."

जावेने चादर आणून दिली. घडी घातलेली, स्वच्छ. देताना तिने घडी पुन्हा एकदा नीट केली. त्या मुलीवर तिचा जीव होता, हेही खरं.

"ने," सासू खाली बघत म्हणाली. "पण बघ हं, काही झालं तर..."

"मी विचारत नाहीये, सासूबाई," हिरवी म्हणाली. "नेतेय."

हे सगळं होऊन बरेच दिवस झाले. डॉक्टरीणबाईंनी वस्तीत येऊन बायकांची माफी मागितली. मागायला लावली म्हणा, पण मागितली. आता गट रविवारीही येतो. निष्कर्ष यायला अजून काही वर्षं लागतील. आले की मी ते हिरवीला वाचून दाखवणार आहे, आणि ते तिच्या मुलाबद्दल काहीच सांगणार नाहीत हे आम्हा दोघींना माहीत आहे. पाइपातून पाणी अजून पडतंच. नवरा कॉक सोडत नाही, म्हणून मालकाने ते काम दुसऱ्याला दिलं. आता संध्याकाळी दोघे भाऊ फावडी घेऊन नाली खणतात. भिंतीपासून जेमतेम अंगणापर्यंत आली आहे.

चादर आणली त्याच संध्याकाळी, उजेड असतानाच, हिरवीने आपल्या खोलीत मच्छरदाणी बांधली. पास झालेली. कशी आणली ते मी विचारलं नाही. कोपऱ्यात हिरवा टाका होता.

मुलगी उशी काखेत घेऊन दारातच उभी राहिली. "काकू कुठाय?"

"तिच्या खोलीत. तू इथे झोपायचंस."

"याला भोक आहे का?"

हे तिला कोणी शिकवलं होतं, ते विचारायची गरज नव्हती. हिरवीने ओठ आवळले. मग मुलीचं बोट धरलं आणि शिवणीवर ठेवलं. "तूच बघ."

मुलीने बघितलं. शिवणीवरून बोट फिरवत ती चारी बाजूंनी गेली, वाकून, टाचा उंचावून, जीभ बाहेर काढून. एका जागी थांबली, नख लावून बघितलं, पुढे गेली. हिरवी तिच्यामागे गुडघ्यांवर सरकत होती. शेवटी मुलगी म्हणाली, "नाही."

ती आत शिरली, उशी ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. थोड्या वेळाने रडक्या आवाजात म्हणाली, "मला काकूकडे जायचंय."

हिरवी तिच्या शेजारी आडवी झाली. हात लावला नाही. आवाजात राग तसाच होता, सगळ्या जगावरचा, पण तो तिने खाली ठेवला होता.

"पाठ करून झोप," ती म्हणाली. "रड, काकूला हाका मार, काय करायचं ते कर. पण इथे झोप."